दोर मेव्हण्याच्या हाती

माझ्या भावाला मी पेवात उतरवलं आणि दोर हातात धरून गप्प उभी राहिले, ही गोष्ट हरिपुरात अजून सांगतात. सांगणारे दोन तऱ्हेचे. एक म्हणतात, बाई कसली, कैदाशीण आहे. दुसरे म्हणतात, बरं केलं. मला दोन्ही चालतात. पण कोणी म्हणालं की बिचारीच्या हातून रागाच्या भरात घडलं, तर माझं डोकं फिरतं. रागाच्या भरात काही घडलेलं नाही. मी दोन वर्षं वाट बघितली होती.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं हळदीचं कोठार. आमच्या गावच्या मातीला पाझर नाही, म्हणून सांगलीच्या व्यापाऱ्यांची हळद आमच्याकडं जमिनीत राहते. वरचं तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, खाली रांजणासारखं सुटलेलं पोट. हळद भरली की तोंड मातीनं लिंपून टाकायचं आणि भाव आला की फोडायचं. पण फोडल्याबरोबर आत उतरायचं नाही. आतली हवा मेलेली असते. तोंड उघडं टाकून थांबायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. विझला तर आणखी थांबायचं. तेवत राहिला तर माणूस उतरवायचा. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

दुसरी एक रीत आहे, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधतात. तो ओढायला वर दोघं-तिघं लागतात, पण दोराला हात लावून 'सोडा' आणि 'ओढा' म्हणणारा एकच असतो. तो उतरणाऱ्याच्या बायकोचा भाऊ असावा लागतो. बापाचा हात थरथरतो, सख्ख्या भावाच्या डोक्यात वाटणीची जमीन असते. पण मेव्हणा आपल्याच बहिणीचं कुंकू कशाला पुसेल, असा तो विचार. म्हणून पेवात उतरणाऱ्या घरात भाऊ नसलेली पोरगी कोणी करत नसे. मला भाऊ होता. एकच, पण चांगला धट्टाकट्टा. माझं लग्न जमलं ते त्याच्या मनगटाकडं बघून.

भावाचं नाव नानासो. नवऱ्याचं नाव आकाराम. आता मी नाव घेते. तेव्हा घेत नव्हते.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, दसऱ्याच्या तोंडावर, नेमाण्णांचं एक पेव फोडलं. नेमाण्णा म्हणजे नेमिनाथ, सांगलीचे हळदीचे व्यापारी. माणूस भला, पण सदा घाईत. त्यांची मालमोटार रस्त्यावर येऊन उभी राहिली होती. जुना मुकादम थकला होता, त्याच्या जागेवर नानासोचा डोळा होता, आणि मोटार ताटकळली तर ती जागा दुसऱ्याला जाईल एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. मी बायकांबरोबर अंगणात हळद निवडत बसले होते. नानासोनं पेवात कंदील सोडला, वर ओढला, आमच्याकडं पाठ केली आणि काडी ओढली. मग कंदील उंच धरून ओरडला, "जळतोय, जळतोय! चला दाजी, उतरा!"

काडीचा आवाज मी ऐकला. आधी वाटलं, बिडी पेटवली असेल. मग ध्यानात आलं की दादा तंबाखू खातो, बिडी त्यानं जन्मात तोंडाला लावलेली नाही. ते ध्यानात येऊन मी हातातलं सूप टाकून उठेपर्यंत दोर खाली गेला होता. माझ्या मालकांची खालून हाकसुद्धा आली नाही. ओढून काढलं तेव्हा मान लुळी पडली होती आणि मिशा हळदीनं पिवळ्या झाल्या होत्या.

नेमाण्णा धावत आले. "कंदील टिकला हुता का न्हाई?" त्यांनी विचारलं. नानासो म्हणाला, "समद्यांनी बघितला की, अण्णा. दाजी पिऊन उतरलं. मला वास आला हुता, पर पावण्या माणसाला कसं बोलायचं?"

शिमग्याला भांगेचा घोट न घेतलेला माणूस, त्याला माझ्या भावानं मेल्यावर दारू पाजली. महिन्याभरात नानासो मुकादम झाला. मी दारुड्याची बायको झाले. पाणवठ्यावर बायका मला दया दाखवायच्या. ती दया मला शिवीपेक्षा झोंबायची.

आई नानासोजवळ राहायची. तिला मी काडीचं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "साळू, गेलेला माणूस माघारी येतोय व्हय? भावाला गुतवलंस तर म्हायेर तुटंल तुजं." म्हणजे तिला पटलं होतं. पटूनही ती असं बोलली, म्हणून मी पुन्हा कोणाला काही सांगितलं नाही. एका विधवेनं काडीचा आवाज ऐकला म्हणून मुकादम खोटा ठरत नसतो. ते त्याच्याच तोंडून यायला हवं होतं, आणि चारचौघांत यायला हवं होतं.

म्हणून मी त्याच्याशी गोड राहिले. विधवेनं ओवाळू नये म्हणतात, तरी दिवाळीला मी त्याला ओवाळायला जायची. त्याच्या कपाळाला बोट लावताना तोंडानं मी म्हणायची, "औक्षवंत हो दादा." मनात म्हणायची, मला पुरेल एवढा तरी जग. त्याला वाटलं, बहीण गाय आहे. गायीलाही शिंगं असतात.

मग सांगली संस्थान विलीन झालं, दक्षिण सातारा नावाचा नवा जिल्हा झाला आणि नव्या सरकारला आमची आठवण आली. कुठल्या धंद्यात किती माणसं आहेत, त्यांना मजुरी काय मिळते, काम कुठून शिकली, कामापायी कसले रोग होतात, ही सगळी पाहणी करायची आणि त्यावरून मजुरी ठरवून द्यायची, असं निघालं होतं. साताऱ्याहून सबनीस नावाचे साहेब आले. कराडकडची गुऱ्हाळं बघून आले होते, अंगाला अजून काकवीचा वास होता. नानासो आदल्या दिवशीच सांगलीला जाऊन राहिला आणि सकाळी त्यांना नेमाण्णांच्या टांग्यातून घेऊन आला. डोक्याला नवा पटका होता.

साहेब अंगणात पाय ठेवतात न ठेवतात तोच शिंकायला लागले. हळदीची धूळ नव्या माणसाला सोसत नाही. बायका पदरात तोंड घालून हसल्या. साहेबही हसले, नाक पुसलं, आणि आमच्यासमोर पोत्यावर बसले. खुर्ची आणली होती, ती नको म्हणाले.

"हे काम तुम्ही कुठं शिकलात?" त्यांनी रंगुबाईला विचारलं. रंगुबाई आमच्यात सगळ्यांत तोंडाळ.

"आईच्या पोटात," ती म्हणाली.

साहेबांनी तेवढंही लिहून घेतलं. "कामाचा काही त्रास?"

"कामाचा न्हाई. मुकादमाचा हाय."

पुन्हा हशा पिकला. नानासो वरवर हसला आणि रंगुबाईकडं असं बघितलं की उद्या तिला काम नाही हे आम्हाला कळलं. पण साहेब नेट धरून विचारत राहिले. खोकला किती दिवस टिकतो, डोळ्यांची आग होते का, अंगावरच्या पोरांना कुठं ठेवता, बाप्यांना मजुरी जास्त आणि बायकांना कमी का. आमच्या खोकल्याची चौकशी आजवर कोणी केली नव्हती. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते.

मग त्यांनी विचारलं, "या कामात कोणी दगावलं आहे का?"

कोणाचं तोंड उघडायच्या आत नानासो बोलला. "येकच, सायेब. माझंच दाजी. पर त्यात कामाचा दोस न्हाई. पिऊन उतरलं हुतं."

"अरेरे," साहेब म्हणाले आणि लिहू लागले. लिहिता लिहिता स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले, "मृत्यू एक. कारण, मद्यप्राशन."

माझ्या हातातलं हळकुंड मोडलं. पाणवठ्यावरची कुजबुज मी सोसली होती. पण आता ते सरकारदरबारी जाणार होतं. साहेब दिवस मावळायच्या आत साताऱ्याला निघणार, आणि आकाराम नावाचा माणूस कायमचा दारुडा होऊन त्यांच्याबरोबर जाणार. तेव्हाच मी ठरवलं की हा माणूस गावाबाहेर पडायच्या आत दादानं बोललं पाहिजे. कसं ते ठाऊक नव्हतं. पण वाट नानासोनंच दाखवली.

साहेबांना पेवात उतरताना बघायचं होतं. एक पेव आदल्या दिवशी दिवस उगवताना फोडलेलं होतं. उतरणारा कृष्णात समोरच होता, पण तो मान हलवून म्हणाला, "आज न्हाई जमायचं, सायेब. माझा मेव्हणा हरिबा लोणंदच्या बाजाराला गेलाय. दोर कोण धरणार?"

साहेबांना रीत समजावून सांगावी लागली. त्यांना ती फार आवडली. नानासोला मात्र वाटलं, साहेब आपल्याला अडाणी समजतील. तो म्हणाला, "खुळचट रीत हाय, सायेब. ह्यो जुना काळ ऱ्हायला न्हाई आता. दोर कुणीबी धरला तरी चालतंय. पेवात उतरायचं म्हंजे काय, घरात गेल्यागत. भ्या कसलं?"

मी सूप खाली ठेवलं आणि उठले.

"मग तूच उतर की, दादा," मी म्हणाले. "सायबास्नी दाव. तू मुकादम हाईस."

"हो, तुम्हीच दाखवा," साहेब म्हणाले. "तुमच्याइतका जाणकार कोण?"

नानासोनं ओठ चाटले. "उतरलो असतो की. पर माझं मेव्हणं पडलं वडूजला..."

"आत्ता म्हणलास न्हवं, कुणीबी धरला तरी चालतंय? मी धरते. तुजी पाठची बहीण हाय मी."

नानासो माझ्याकडं बघत राहिला. नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागणार, आणि जे कारण होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. बहिणीच्या हाती दोर द्यायला मी भितो, हे कुठला भाऊ साहेबासमोर म्हणेल? मला एवढं बरं वाटलं की सांगता येत नाही.

"पेव कवा फोडलं?" त्यानं कृष्णातला विचारलं.

"काल. दिस उगवताना."

कृष्णातनं कंदील सोडला. तो खाली तळापर्यंत गेला आणि तेवत राहिला. नानासोनं स्वतः वाकून बघितलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा बघितलं. मग पटका काढून ठेवला, कमरेला दोर बांधला. गाठ त्यानं कोणाला मारू दिली नाही. कंदील वर घेऊन हातात धरला आणि पेवात पाय सोडले. कृष्णात आणि गुंडा दोर ओढायला उभे राहिले. मी पुढं होऊन दोरावर हात ठेवला आणि म्हणाले, "सोडा."

दोर सरसर गेला आणि ढिला पडला. नानासो तळाला लागला होता. खालून त्याचा आवाज आला, घुमून, "पोचलो, सायेब! काय न्हाई बगा! वढ गं आता!"

मी दोरावरचा हात हलवला नाही.

"साळू! वढ की!"

मी पेवाच्या तोंडाशी गुडघे टेकले. खाली कंदिलाचा ठिपका दिसत होता आणि त्याच्याजवळ नानासोचं वर केलेलं तोंड. मी विचारलं, "दादा, आकारामला उतरवलास त्या दिशी कंदील जळत हुता का?"

लग्न झाल्यापासून ते नाव मी कधी उच्चारलं नव्हतं. मागं बायकांनी तोंडाला हात लावले.

"जळत हुता! सांगितलंय की! वढ!"

"मग काडी कशाला वढलीस?"

मी आणखी खाली वाकले.

"तू बिडी वढत न्हाईस, दादा."

"साळे, सायेब हाईत वर! येडी झालीस व्हय? कृष्णात! गुंडा! वढा रं!"

दोघं जागचे हलले नाहीत. साहेब घाबरून उठले. "अहो, ओढा त्यांना! हे काय चाललंय?"

"दोर तिच्या हातात हाय, सायेब," कृष्णात म्हणाला. "तिनं सांगितल्याबिगार आमाला वढता येत न्हाई." त्या क्षणी मला कळलं की काडीचा आवाज ऐकणारी मी एकटी नव्हते. हे सगळे दोन वर्षं मूग गिळून बसले होते. त्यांचाही राग आला, पण तो मी नंतरसाठी ठेवला.

"दादा," मी खाली म्हणाले, "कृष्णातनं तुला खोटं सांगितलं. पेव काल फोडलंच न्हाई. आज सकाळी फोडलंय. मीच त्याला तसं सांगायला लावलं."

हे मी खोटं बोलले. पेव कालच फोडलेलं होतं, आतली हवा आमच्या अंगणातल्याइतकी चांगली होती. कंदील त्याच्या हातात ढळढळीत जळत होता. दुसरा कोणीही असता तर कंदिलाकडं बघून हसला असता. पण कंदील कसा खोटा पाडता येतो हे ज्यानं स्वतः केलं होतं, तो कंदिलावर कसा विश्वास ठेवणार? तो धापा टाकू लागला. भीतीनंच माणसाचा श्वास कोंडतो, आणि श्वास कोंडला की त्याला वाटतं हवा संपली. तो मातीवर नखं ओरबाडत होता, ते वर ऐकू येत होतं.

"साळू, जीव जातोय माझा! आईची शपथ हाय तुला!"

"आईला घालू नगंस मधी. इझला हुता का जळत हुता?"

साहेब माझ्याजवळ आले आणि खांद्याला हात लावून म्हणाले, "बाई, माणूस मरेल."

"मेला हुता तवा तुमी न्हवता, सायेब," मी म्हणाले. "आज हाईसा, तर ऐका."

आणि मग खालून आलं. आवाज कसला, रडणंच ते. "इझला हुता! इझला हुता गं! म्या काडी वढून पुन्यांदा लावला! मोटार उबी हुती... मला वाटलं, पटकन हुईल काम..."

"पिला हुता का आकाराम?"

"न्हवता पिला!"

"मोठ्यांदा. सायेब लिवून घ्यायला लागल्यात."

"आकाराम पिला न्हवता! म्या मारला त्येला! वढ, साळू, वढ!"

मी लगेच ओढा म्हणाले नाही. लोक म्हणतात, सुडानं पोट भरत नाही. म्हणणाऱ्यांनी तो कधी चाखलेला नसावा. मी ती हाक आणखी एकदा ऐकली, मग आणखी एकदा. माझ्या मालकांना एकदाही हाक मारायला मिळाली नव्हती. मग मी दोरावरचा हात उचलला आणि म्हणाले, "ओढा."

नानासो वर आला तो मातीनं आणि हळदीनं माखलेला, तोंडातून लाळ गळत होती. कडेला येऊन तो पालथा पडला आणि मासळीसारखा हवा घ्यायला लागला. कृष्णातनं त्याच्या मुठीतला कंदील सोडवून घेतला आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरला. ज्योत सरळ होती.

नानासो ज्योतीकडं बघत राहिला. त्याला समजायला वेळ लागला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "फसवलंस मला."

"व्हय," मी म्हणाले. "मी फसवलं. तू मारलंस."

साहेब पुढं आले. ते म्हणाले, "बाई, धाकानं घेतलेली कबुली कायद्यात टिकत नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. यांना शिक्षा होईलच असं नाही."

"नसू दे. तुमी मगाशी लिवलं ते खोडा."

त्यांनी आमच्यासमोर खोडलं आणि नवं लिहिलं. मोठ्यानं वाचून दाखवा म्हटलं, तेही दाखवलं: पेवातील दूषित हवेमुळे मृत्यू, मुकादमाची कुचराई. 'कुचराई' शब्द मला फार लहान वाटला, पण सरकारकडं याहून मोठा नसावा.

पुढं फौजदार आला, विचारपूस करून गेला. साहेब म्हणाले होते तसंच झालं. पण नेमाण्णांनी त्याच दिवशी नानासोला मुकादमीवरून काढलं, आणि खरी शिक्षा तर गावानंच दिली. पेवाच्या गावात ज्याच्या हाती कोणी दोर देत नाही त्याला कोणी चुलीतला विस्तवही देत नाही. लोक त्याची सावली सोडून चालू लागले. त्याच्या पोरीची सोयरीक मोडली. ती मोडली याचं मला वाईट वाटलं, पण मी मोडली नव्हती. रंगुबाई मात्र रोज त्याच्या दारावरून जाताना मोठमोठ्यानं शिंकायची.

शेवटी कराडच्या अडतीत पोती उचलायचं काम मिळालं म्हणून त्यानं बिऱ्हाड हलवलं. ज्या सकाळी त्याची बैलगाडी निघाली त्या सकाळी आई माझ्या दारात आली. काठी टेकत, डोळे सुजलेले. मी पाणी दिलं. ती प्याली नाही.

"मी नानासोसंगं चाललीय," ती म्हणाली. "तुला बोल लावत न्हाई मी. त्येनं पाप केलं. पर साळू, येवढं उकरून काय मिळालं तुला? येकच भाऊ हुता गं तुला."

मी तिचा हात धरून तिला गाडीपर्यंत पोचवलं. गाडीत चढवताना तिच्या कानाशी म्हणाले, "आई, नवराबी मला येकच हुता."